दिवसाला तीनशे बारा तास बघणारा ग्राहक

मी नोकरीभर नकाशे काढले. रस्ते, गटारं, पाण्याच्या लायनी. नकाशात माणसं काढायची नसतात, त्यामुळे माणसाबद्दल लिहायला बसलो की पेन्सिल कुठे टेकवायची तेच कळत नाही. पण आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं, आणि ज्यांना बरं लिहिता येतं ते सगळे टीव्ही बघण्यात गुंतलेले आहेत. म्हणून मी लिहितो. कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.

त्याला सगळे अँटेना म्हणतात. उंच, काटकुळा, दोन्ही कान बाहेर आलेले, आणि चालताना नजर कायम वर, गच्च्यांकडे. गल्लीत असा एक दगड नाही ज्याला तो अडखळलेला नाही. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगतात, “लग्नातसुद्धा वरच बघत होता. मला वाटलं लाजतोय. नंतर कळलं, समोरच्या गच्चीवरचा खांब वाकला होता.”

तरुणपणी त्याचं काम एकच होतं. गच्चीवर चढायचं, अँटेना फिरवायचा आणि खाली ओरडायचं, “आलं का?”

खालून खिडकीतून बाई ओरडायची, “नाही आलं!”

“आता?”

“आलं, आलं… गेलं!”

“आता?”

“दोन-दोन दिसतायत!”

“मग एकाकडेच बघा ना, मावशी!”

हा संवाद त्याच्या आयुष्यात इतक्या वेळा झाला की पुढे त्याला दुसरं काही बोलायला सुचेना. रस्त्यात भेटला की “कसे आहात” नाही, “आलं का?” त्याला मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या दारात नर्सलासुद्धा त्याने हेच विचारलं होतं. नर्स बिचारी चक्रावली.

मग केबल आली. अँटेनाने इस्त्रीवाल्याच्या दुकानावरची खोली घेतली, तिथे यंत्रं मांडली आणि सगळ्या गल्लीत वायरी ओढल्या. त्याला स्वतःचा एक चॅनेलही मिळाला, नव्व्याण्णव नंबरचा, आणि त्यावर तो लोक मागतील ते लावायचा. मागण्याची पद्धत अशी की खोलीखाली उभं राहून हाक मारायची. “अहो अँटेना, आमची लाइट गेली होती. शेवटची पंधरा मिनिटं परत लावा, नाहीतर खून कोणी केला ते कळायचं नाही.” तो लावायचा. ज्यांनी शेवट बघितला होता ते चिडायचे. मग पडद्याखाली पट्टी फिरायची : ‘चौथ्या मजल्यासाठी शेवट पुन्हा दाखवत आहोत. इतरांनी जेवून घ्यावे.’

हवं ते हव्या वेळी बघण्याची सोय आता मोठमोठ्या कंपन्या करतात. आमच्याकडे ती होती. तिला गच्चीवर चढताना धाप लागायची, एवढंच.

कोणाला काय आवडतं हे त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. चौथ्या मजल्यावरच्या नव्वदीच्या आजींना कुस्ती लागते. निवृत्त हेडमास्तरांना अवकाशयानं. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना खून, पण रक्त न दाखवणारा, कारण समोर पांढरं कापड असतं.

माझी आणि त्याची ओळख वायरींमुळेच झाली. एका वादळानंतर कुठली वायर कोणाच्या घरात जाते ते त्याचं त्यालाच उमगेना. मी नुकताच निवृत्त झालो होतो. मला कोणाशी बोलायला सुचत नाही, पण नकाशा काढायला सुचतो. अकरा दिवस तो गच्चीवरून वायर हलवायचा आणि मी खाली उभा राहून कुठली हलली ते कागदावर मांडायचो. तो नकाशा त्याने खोलीत भिंतीवर लावला. एक जाड रेघ खोलीतून निघते, वायरी जोडायच्या डब्या-डब्यांपाशी तिच्या फांद्या होतात आणि प्रत्येक फांदी एका घरात शिरते. अँटेना त्याकडे हात करून म्हणायचा, “भाऊ, सगळं एकाच वायरचं आहे बघा. एक आई, चाळीस लेकरं.”

हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

मग हळूहळू घरं शांत व्हायला लागली. ज्याच्या-त्याच्या हातात फोन आला, कानात बोंडं आली. मुलगा एक बघतो, सून दुसरं, नातवंडं तिसरं, आणि कोणी कोणाला शेवट विचारत नाही. अँटेनाच्या खिडकीखाली येणाऱ्या हाका बंद झाल्या. लोक भेटले की मान खाली घालून सांगायचे, “अरे, वायर काढून टाकलीस तरी चालेल. भिंत रंगवायची आहे.” भिंत रंगवायची म्हणून केबल काढणारे इतके निघाले की खरंच रंगवल्या असत्या तर आमची गल्ली राजवाडा दिसली असती.

अशात केबलच्या कंपनीने नवा बॉक्स आणला. एकाच बॉक्समध्ये नेहमीचे चॅनेलही आणि हवं तेव्हा हवं ते बघायची सोयही. बॉक्सला म्हणे कळतं तुम्हाला काय आवडतं. कंपनीने अट घातली, तीन महिन्यांत चाळीस घरांत बॉक्स लागले तर हा भाग अँटेनाकडे राहील. नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी देऊ.

तीस वर्षं त्याने ज्या गच्च्या राखल्या, त्यांच्यावर दुसरा कोणी चढणार? अँटेनाच्या तोंडचं पाणी पळालं. तो घरोघरी गेला आणि अडखळत, मान वर करून, बॉक्स लावून आला. लोकांनी नाही म्हटलं नाही. अर्ध्या गल्लीच्या घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात, कारण वायर कोणाच्या ना कोणाच्या गॅलरीतून जातेच. अशा माणसाला नाही म्हणायचं कसं?

अडचण पुढे आली. प्रत्येक बॉक्सला खातं उघडावं लागायचं. फोन नंबर द्या, पासवर्ड द्या.

“आजी, पासवर्ड काय ठेवू?”

“तो काय असतो?”

“किल्लीसारखा असतो.”

“मग मला काय विचारतोस मेल्या? किल्ली तुझ्याकडेच आहे!”

अशी पाच-सहा घरं झाल्यावर अँटेनाने विचार केला. वायर एक आणि फांद्या चाळीस, तर खातंही एक आणि फांद्या चाळीस, हरकत काय? आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. त्याने स्वतःच्या नंबरवर एक खातं उघडलं आणि सगळ्या घरांतले बॉक्स त्यालाच जोडून टाकले. तेव्हा एका खात्यावर किती टीव्ही चालावेत याला बंधन नव्हतं. कंपनीला वाटलं असेल, एका घरात असून असून किती असणार?

आता, एका खात्यात पाच जणांची सोय असते. प्रत्येकाला एक चित्र असतं, आपलं चित्र दाबलं की आपल्या आवडीचं समोर येतं. ही सोय एका कुटुंबातल्या पाच माणसांसाठी. अँटेनाने त्यात आख्खी गल्ली बसवली. सिंह म्हणजे मारामारी. घुबड म्हणजे ज्ञान. मांजर म्हणजे रडारड. माकड म्हणजे विनोद. बदक म्हणजे लहान मुलं. आणि घरोघरी सांगत सुटला, “आजी, तुम्ही सिंहात. हेडमास्तर, तुम्ही घुबड.”

“मी काय?” हेडमास्तर कडाडले.

“घुबडात हो सर. घुबड हुशार असतं.”

मलाही त्याने घुबडात टाकलं. पण खरं सांगायचं तर दुपारी मुलगा-सून कामावर असताना मी हळूच मांजर दाबायचो. तिथे दीपगृह राखणाऱ्या एका कुटुंबाची मालिका होती, शंभर भागांची. तिसऱ्या भागातच माझा रुमाल ओला झाला होता. हे तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांत गंमत सुरू झाली. या बॉक्सला एक खोड आहे. तुम्ही एखादी गोष्ट अर्धवट सोडली की दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, इथून पुढे बघा. पण आमच्याकडे अर्धवट सोडणारा एक आणि पुढे बघणारा दुसरा! कोणी सिंह उघडावा तर समोर तिसऱ्याच घरची कुस्ती, एक पैलवान हवेत लटकलेला. कोण सोडून गेलं याला असं? जिन्यात चौकशा सुरू झाल्या. कित्येक महिने ज्यांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं, ते दार उघडून विचारायला लागले, “अहो, तो बर्फातला खून तुम्हीच बघताय का?”

हेडमास्तर एके सकाळी इस्त्रीच्या दुकानात येऊन गरजले, “घुबडात कोणीतरी पाककृती बघतंय! हे ज्ञान आहे का?”

“सर,” शिंपीणबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, “आधी हे सांगा, रोज दुपारी दोन वाजता बदकात कोण असतं? गल्लीतली सगळी पोरं तेव्हा शाळेत असतात.”

हेडमास्तरांनी इस्त्रीचे कपडे उचलले आणि निघून गेले. दुसऱ्याचे उचलले होते. संध्याकाळी आणून दिले.

मग आपोआप शिस्त आली. कोणी नियम केले नाहीत, पण बाकीच्यांना मागे टाकून पुढे जायचं नाही असं ठरून गेलं. शिंपीणबाई खिडकीतून ओरडायच्या, “सिंहवाले! सातव्याच्या पुढे जाऊ नका, मला अजून बाह्या लावायच्यात!” आणि सगळे सिंह थांबायचे. आठ वाजता बाह्या लागल्या की चौदा घरांत एकदम आठवा भाग सुरू. तोच धमाका चौदा खिडक्यांतून ऐकू यायचा. अँटेना खोलीच्या खिडकीत उभा राहून ऐकायचा आणि त्याचे कान हलायचे.

माझ्या मांजरातही असंच कोणीतरी होतं. मी चार वाजता बघायचो. सकाळी दहाला पाहावं तर मालिका मी सोडली तिथेच असायची, आणि सव्वाबाराला बरोबर एक भाग पुढे सरकलेली. म्हणजे अकरा ते बाराच्या दरम्यान कोणीतरी दीपगृहाकडे जात होतं. मी चारला तोच भाग बघायचो आणि गाडी तिथेच उभी ठेवायचो. एकदा मी चुकून दोन भाग बघून गेलो. दुसऱ्या दिवशी मला इतकं अपराधी वाटलं की सकाळी साडेदहाला उठून मालिका मागे नेऊन ठेवली. पुढच्या आठवड्यात त्या माणसाचं तसंच झालं असावं, कारण दुपारी मला माझी जागा जशीच्या तशी सापडली, पण बघून झालेल्या भागांच्या यादीत पुढच्या भागाची खूण होती. त्यानेही मागे आणून ठेवली होती. मला वाटलं, हा कोण सभ्य माणूस? मनात मी त्याला नमस्कारही करायला लागलो. शोधायची हिंमत झाली नाही. शोधलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं.

तीन महिने पूर्ण झाले आणि एका मंगळवारी अँटेनाला कंपनीतून फोन आला. मी तेव्हा खोलीत नकाशावर नवीन जोडणी चढवत होतो. फोनवर बाई होत्या.

“आपल्या भागातल्या एका ग्राहकाबद्दल विचारायचं होतं. तो ठीक आहे ना?”

“कोण?” अँटेनाने विचारलं.

“नाव नाही, नंबर आहे. तो दिवसाला तीनशे बारा तास टीव्ही बघतो.”

अँटेनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“एकाच वेळी कुस्ती, अवकाशयान आणि बदकाची गाणी बघतो. आमच्या यंत्राला त्याची आवडच ठरवता येईना. त्याने त्याला काय सुचवलंय माहिती आहे? कुस्ती खेळणाऱ्या बदकांची फिल्म.”

“ती सगळ्यांना आवडली,” अँटेना हळूच म्हणाला.

गुरुवारी त्या बाई स्वतः आल्या. तिशीच्या असतील, पाठीला बॅग, आवाज शांत. त्यांनी माझा नकाशा बराच वेळ पाहिला, छान आहे म्हणाल्या, आणि मग खुर्चीवर बसून त्याच शांत आवाजात सांगितलं की नियमाप्रमाणे एक खातं म्हणजे एक घर. म्हणजे तीन महिन्यांत अँटेनाने चाळीस नाही, एक घर जोडलं. “शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत चाळीस घरांची चाळीस वेगळी खाती दाखवा. प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवरून. त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही, काका. खरंच नाही.”

त्या गेल्यावर अँटेना पहिल्यांदाच खाली बघत बसला.

“सांग ना लोकांना,” मी म्हटलं.

“काय सांगू, भाऊ? तीस वर्षं मीच लोकांचं केलं. ‘तुम्ही माझ्यासाठी एवढं करा’ असं कधी तोंडातून निघालंच नाही. आणि मागायचं काय, तर मोडायला. चौदा घरं एकत्र बघायला लागलीत. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, उद्यापासून आपापलं बघा?”

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवला. “अरे, वर चढताना कधी लाज वाटली नाही, आणि खाली उतरून चार दारं वाजवायची वाटते? भाऊजी, तुम्ही याला घेऊन जा.”

मी! मला नकाशात प्रत्येक घर माहीत होतं, पण दार बाहेरून. आत कधी गेलो नव्हतो. पण वहिनींपुढे नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही. भिंतीवरून नकाशा काढला, गुंडाळी केली, बगलेत मारली आणि निघालो.

सुरुवात आजींपासून केली. मी दारात उभा राहून घसा साफ करत होतो, अँटेना छताकडे बघत होता. शेवटी आजीच म्हणाल्या, “दोघांचं काही चोरीला गेलंय का?”

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण आजींना समजलं. त्यांनी फोन पुढे केला. “घे. पण माझ्या कुस्तीचं काय? मी चौथ्या फेरीत आहे.”

“आजी, नवीन खात्यात सगळं पहिल्यापासून. बॉक्स तुम्हाला ओळखणार नाही.”

“न ओळखू दे. तू ओळखतोस ना?” त्या अँटेनाला म्हणाल्या. त्याने चटकन मान फिरवली आणि दिव्याची वायर तपासायला लागला, जिला काहीही झालेलं नव्हतं.

फोनवर कोड यायचा, तो मी मोठ्याने वाचायचो, अँटेना बॉक्समध्ये घालायचा आणि सवयीने ओरडायचा, “आलं का?” दोन फुटांवर उभं असलेलं माणूस दचकून म्हणायचं, “आलं!” मी नकाशावर त्या घरावर टिंब काढायचो.

हेडमास्तरांनी अर्धा तास घेतला. एका खात्याने गल्लीत शिस्त आली, आता ती जाणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी नाइलाजाने कागदावर सही करावी तसा त्यांनी फोन दिला. खातं उघडल्यावर बॉक्सने विचारलं, चित्र निवडा. ते बराच वेळ पाहत राहिले. “आपण दोघंच आहोत ना इथे?” त्यांनी विचारलं. आम्ही तिघं होतो, पण मी मोजण्यात येत नाही. त्यांनी बदक निवडलं.

गुरुवारपासून शनिवारच्या दुपारपर्यंत सगळी घरं झाली. माझा घसा बसला होता. इतकं मी कितीतरी वर्षांत बोललो नव्हतो. एका घरात मला पाणी दिलं, एका घरात नातीने तिचं चित्र दाखवलं. नकाशात ही घरं चौकोन होती.

साडेपाचला खोलीत परतलो तर कंपनीच्या बाई येऊन बसल्या होत्या. वहिनीही होत्या. बाईंनी यादी घेतली आणि एकेक खातं बघत गेल्या. शेवटी पेन खाली ठेवलं.

“एकोणचाळीस.”

“चाळीस,” अँटेना म्हणाला.

“चाळिसावं हे या खोलीचं आहे. खोली म्हणजे घर नाही. इथे कोणी राहत नाही.”

मी नकाशा पसरला. टिंबं मोजली. एकोणचाळीस. चाळिसावी फांदी जिथून निघाली तिथेच, याच खोलीतल्या टीव्हीत, शिरत होती. मी स्वतः काढलेला नकाशा, आणि मलाच ते दिसलं नव्हतं. पावणेसहा वाजले होते. भिंती रंगवणारे आता कुठून परत येणार?

“काका, तुमचं स्वतःचं घर?” बाईंनी अँटेनाला विचारलं.

अँटेनाने वहिनींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गल्लीला माहीत असलेली ही गोष्ट बाईंना माहीत नव्हती. केबलवाल्याच्या घरात टीव्ही नाही. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात वहिनींनी सांगून टाकलं होतं, “दिवसभर दुनियेचे टीव्ही बघतोस. घरी आलास की माझं तोंड बघायचं.” तीस वर्षं तो तेच बघत आला होता आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नव्हती.

“आमच्याकडे टीव्ही चालत नाही,” तो म्हणाला. “तिला आवडत नाही.”

खालून इस्त्रीची वाफ फुसफुसत होती.

“लावा,” वहिनी म्हणाल्या.

“काय?”

“टीव्ही. आमच्या घरी. हाच उचला आणि लावा. माझ्या फोनवर खातं उघडा.”

“अगं पण तू तर…”

वहिनी लाल झाल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “रोज अकरा वाजता डबा आणते ना मी? तू बारापर्यंत गच्चीवर असतोस. मी काय यंत्रांकडे बघत बसायचं? एक दिवस लावला. मांजरात. ते दीपगृहवालं.” आणि एकदम माझ्याकडे वळून, “आणि काय सांगू भाऊजी, एकसष्टाव्या भागात ती म्हातारी दिवा विझू देत नाही ना, तेव्हा मी याचा डबा याने उघडायच्या आधीच रडून खारट केला!”

मी नकाशाची गुंडाळी करायला लागलो. आधीच गुंडाळलेली होती.

“भाऊजी? तुमचे कान का लाल झाले?”

“मी… चार वाजता,” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

वहिनींचे डोळे मोठे झाले. “ते तुम्ही? मागे आणून ठेवणारे?”

“तुम्हीही ठेवली होतीत. एकदा.”

“दोनदा!” वहिनी म्हणाल्या.

अँटेना एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. आयुष्यात प्रथमच चित्र आलं होतं आणि ते आलं हे त्यालाच कळत नव्हतं. कंपनीच्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “काका, सात मिनिटं.”

मग जे झालं ते गल्लीने पाहिलं. अँटेनाने टीव्ही उचलला, मी बॉक्स, वहिनींनी वायरीचं भेंडोळं, आणि बाई बॅग सावरत मागून. अँटेनाचं घर म्हणजे समोरच्या इमारतीचा दुसरा मजला. तो रस्ता ओलांडताना पायाखाली बघत होता आणि तरीही अडखळला. टीव्ही वाचला. वर जाऊन तो गॅलरीत गेला, जोडणी केली आणि ओरडला, “आलं का?”

तीस वर्षांत त्याने हे दुसऱ्यांच्या बायकांना विचारलं होतं. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आलं!”

बाईंनी यादीवर चाळीस लिहिलं. सहाला दोन मिनिटं कमी होती.

भाग अँटेनाकडे राहिला. पण पहिले आठ दिवस गल्ली पुन्हा शांत होती. प्रत्येकाच्या बॉक्सवर आता स्वतःचं चित्र, स्वतःची यादी, आणि लोक जिन्यात भेटले की विचारायला काही नाही. शिंपीणबाईंनी एकदा सवयीने खिडकीतून हाक मारली, “सिंहवाले, थांबा!” आणि उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली. ते अँटेनाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नव्व्याण्णव नंबरवर कितीतरी महिन्यांनी पट्टी फिरली. वळणदार अक्षरात मीच ती लिहून दिली होती : ‘सिंह, भाग नववा, आज संध्याकाळी साडेसात. शिंपीणबाईंच्या बाह्या लागलेल्या आहेत. सर्वांनी आपापल्या बॉक्सवर काढून तयार ठेवावे. खूण मिळाल्याशिवाय दाबू नये.’

खूण काय ते लिहिलं नव्हतं, पण साडेसातला अँटेना गच्चीवर दिसला. मी माझ्या खिडकीत होतो. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जुन्या दिवसांसारखा ओरडला, “आलं का?”

आधी चौथ्या मजल्यावरून आजींचा बारीक आवाज आला, “आलं!” मग शिंपीणबाई, मग हेडमास्तर, जे सिंहात कधीच नव्हते, मग कोण-कोण. आणि चौदा घरांत, चौदा वेगळ्या खात्यांवर, एकच धमाका झाला. मोजायला मला वेळ लागला, पण ती चौदा नव्हती, एकोणीस होती.

हे आता रोज होतं. ज्याला हवं तो आपलं वेगळं बघतो, त्याला कोणी काही म्हणत नाही.

माझं म्हणाल तर दीपगृह मागच्या आठवड्यात संपलं. शेवटचा भाग अकराला बघायचा की चारला, यावर वहिनींशी फोनवर बरीच चर्चा झाली. शेवटी साडेतीनला त्यांचाच फोन आला. “भाऊजी, इकडेच या. आणि रुमाल दोन आणा, यालाही लागेल.”

मी गेलो. अँटेना टीव्हीसमोर बसला होता, पण बघत होता वहिनींच्या तोंडाकडे. त्याला मालिकेतलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. रुमाल मात्र त्याने परत केला नाही.